२०० पैकी २१४

२०० गुणांच्या पेपरात कुणाला तरी २१४ गुण पडले, ही बातमी जानेवारी २०२४ मध्ये आली तेव्हा महाराष्ट्र आधी हसला आणि मग चिडला. तलाठी भरतीचा निकाल होता. व्हॉट्सॲपवर विनोदांचा पाऊस पडला, विरोधी पक्षांनी चौकशी मागितली, अभ्यासिकांतली पोरं रस्त्यावर उतरली. नगर शहरात दिल्लीगेटपासून सावेडीपर्यंत जिथे जिथे अभ्यासिका आहेत, तिथे काही दिवस दुसरा विषयच नव्हता. घोटाळा झाला की नाही हा प्रश्न लोकांनी विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. पण हा आकडा नेमकं काय सांगतो, हे फार थोड्यांनी विचारलं. निकाल लागला की यादीत नाव शोधायचं, नाव नसेल तर कटऑफ बघायचा, किती गुणांनी हुकलं ते मोजायचं आणि पुढच्या जाहिरातीची वाट बघायची. निकाल वाचण्याची आपली रीत एवढीच.

उमेदवाराचं सोडून देऊ, त्याला घाई असते. पण नोकरी देणारा तरी निकाल वाचतो का? ह्या माणसाला हे गुण पडले, म्हणून हा माणूस ह्या कामाला योग्य, ह्या दोन विधानांच्या मधली जागा कोण भरतं?

आधी २१४ चं कोडं उलगडू. १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ ह्या काळात ही परीक्षा झाली. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांहून अधिक, प्रत्यक्ष परीक्षेला बसले ते साडेआठ लाखांच्या वर. एवढी माणसं एकाच वेळी संगणकासमोर बसवणं शक्य नसतं, म्हणून ५७ सत्रं झाली आणि प्रत्येक सत्राला वेगळा पेपर. शंभर प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, दोन तास. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, आणि अंकगणितासह बौद्धिक चाचणी, चारही विषयांना सारखे पन्नास-पन्नास गुण. मुलाखत नाही. ज्या जिल्ह्यासाठी अर्ज केला त्याच जिल्ह्याच्या यादीत नंबर. खुल्या प्रवर्गाला हजार रुपये शुल्क, राखीवला नऊशे.

५७ पेपर सारखे अवघड निघणं अशक्य. ज्याच्या वाट्याला अवघड पेपर आला त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून गुणांचं सामान्यीकरण करतात. पोरांच्या तोंडी ‘नॉर्मलायझेशन’. देशभरातल्या अशा परीक्षांत सर्रास वापरलं जाणारं एक सूत्र आहे. प्रत्येक सत्रात दोन खुंट्या ठोकायच्या. एक खालची : त्या सत्राची सरासरी अधिक गुणांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन. दुसरी वरची : त्या सत्रातल्या पहिल्या ०.१ टक्का उमेदवारांची सरासरी. मग सगळ्या सत्रांच्या मिळून अशाच दोन खुंट्या काढायच्या आणि सत्राची दोरी ताणून किंवा सैल सोडून तिथे नेऊन बांधायची.

आकडे समजुतीपुरते घेऊ. एका अवघड सत्रात खालची खुंटी ११० वर आहे, वरची १७० वर. सगळ्यांच्या मिळून त्या १२० आणि १८६. म्हणजे ६० गुणांचं अंतर ६६ पर्यंत ताणायचं, एकाचे १.१ करायचे. आता त्या अवघड सत्रात एकाला १९० पडले. खालच्या खुंटीपासून तो ८० गुण वर आहे, ताणल्यावर ८८ होतात, त्यात १२० मिळवले की २०८. पेपर २०० चाच होता! सोप्या सत्रात त्या खुंट्या १३० आणि १९० वर असतील, तर तिथल्या १९० वाल्याचे होतात १८६. मूळ गुण दोघांचे सारखे, अंतर २२ गुणांचं.

तेव्हा २०० च्या वर जाणं हा काही बनवेगिरीचा पुरावा नव्हे, सूत्रातच ती सोय आहे. ह्या आकड्याचा अर्थ ‘दोनशेपैकी’ असा नसतोच. तो असतो ‘इतरांच्या मानाने’. शासनाने हे निकालासोबतच साध्या मराठीत दोन पानं लिहून सांगितलं असतं, तर बरीच चीड टळली असती. आपल्याकडे खुलासा नेहमी आरोपाच्या मागून येतो आणि मग तो सारवासारव वाटतो.

पण सूत्र बरोबर आहे म्हणून प्रश्न मिटला, असंही नाही. साडेआठ लाखांना ५७ ने भागलं तर सत्राला सरासरी पंधरा हजार उमेदवार येतात. पंधरा हजारांचे ०.१ टक्का म्हणजे पंधरा जण. सगळ्या सत्राची दोरी ज्या वरच्या खुंटीला बांधायची, ती पंधरा माणसांवर उभी. त्यातले दोघे-चौघे असामान्य हुशार निघाले, किंवा त्यातल्या कुणाच्या कानात यंत्र होतं, तर खुंटी वर सरकते आणि सत्रातल्या वरच्या टप्प्यातल्या प्रत्येकाचे गुण थोडे उतरतात. कानातल्या यंत्राची गोष्ट हवेतली नाही. परीक्षेच्या पहिल्याच दिवशी नाशिकमध्ये केंद्राबाहेर मोबाईल आणि इअरपीससह एकाला पोलिसांनी पकडलं होतं. कॉपी करणारा एका जागेची चोरी करतो असं आपण समजतो. सामान्यीकरणाच्या परीक्षेत तो शेजाऱ्यांचे गुणही कापत असतो.

दुसरी गोष्ट दशांशाची. मूळ गुण दोनच्या पटीत. सूत्रातून बाहेर पडले की दशांश चिन्हापुढचे आकडे चिकटतात, आणि ते बघून वाटतं, केवढी अचूक मोजणी! कुठल्याही चाचणीत मोजमापाची चूक असते. तोच उमेदवार, त्याच तयारीनिशी, दुसऱ्या दिवशी दुसरा तितकाच कठीण पेपर देईल तर गुण थोडे हलतील. चाचणीची विश्वासार्हता चांगली, म्हणजे ०.९ धरली आणि गुणांचा पसारा २५ धरला, तर ही चूक आठ गुणांच्या आसपास येते. म्हणजे १६४ वाला आणि १६९ वाला ह्यांच्यात कोण वरचढ, हे त्या परीक्षेला ठाऊक नसतं. यादीला मात्र ठाऊक असतं. एक घरी पेढे वाटतो, दुसरा पुन्हा अभ्यासिकेची फी भरतो.

ह्यातून एक उपकथा निघते, ती मला फार बोचते. समान गुण पडले तर कुणाला वर ठेवायचं, ह्याचा क्रम भरतीच्या नियमांत दिलेला असतो. त्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पाल्याला पहिलं प्राधान्य आहे, मग वयाने मोठ्याला. तरतूद माणुसकीची आहे. पण वेगवेगळ्या सत्रांचे गुण दशांशात उतरले की समान गुण पडणार कुणाचे? एकाच सत्रातले दोघे असतील तरच. पाथर्डीच्या किंवा जामखेडच्या एखाद्या पोराला नियमाने दिलेला हात गणिताने काढून घेतला, आणि तसा कुणाचा हेतू नव्हता. चूक आठ गुणांची असताना दोन-तीन गुणांच्या आतले सगळे समान धरायचे, असं ठरवता येतं. जगात काही ठिकाणी तसे गट पाडून निवड करतात. आपल्याकडे मांडून तर बघा : दुसऱ्या दिवशी मॅटमध्ये अर्ज पडतील.

मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, हा ह्या कथेतला न दिसणारा परीक्षक आहे. पेपर कसा काढायचा हे कामावरून ठरत नाही, कोर्टात काय टिकेल ह्यावरून ठरतं. उत्तरतालिका जाहीर होते, उमेदवार पैसे भरून हरकती घेतात. ज्या प्रश्नाला एकच निर्विवाद उत्तर, तो चांगला प्रश्न. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, हा चांगला प्रश्न. बांधावरून दोन भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन उभे आहेत, कोतवाल रजेवर आहे आणि तुम्ही सजावर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात, पोहोचलात, आधी काय कराल? हा वाईट प्रश्न, कारण त्याला हरकत घेता येते. पण तलाठ्याचा दिवस जातो तो ह्या दुसऱ्या प्रश्नात.

नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. १७ हजार चौरस किलोमीटरवर पसरलेले १४ तालुके. ह्या भरतीत त्याच्या वाट्याला अडीचशेच्या आसपास जागा होत्या. अकोल्यात डोंगर, आदिवासी वाड्या आणि वनहक्काचे दावे. राहाता-कोपरगावला गोदावरीचे कालवे आणि बागायत. श्रीगोंदा-कर्जतला कुकडीच्या आवर्तनावरून तणातणी. पाथर्डीत दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. पदाचं नाव एकच. नाव तरी कुठे एक राहिलं, २०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. काम मात्र तेच : गाव नमुना १ ते २१, सातबारा, आठ-अ, गारपीट झाली की पंचनामे, निवडणूक आली की मतदार यादी. त्यातलं काळजाचं काम फेरफाराचं. वारस नोंद असो की खरेदीखत, तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीची वाट बघतो, मग मंडळ अधिकारी ती नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो. हे नियमाचं झालं. त्या पंधरा दिवसांत सजावर कोण कोण येऊन बसतं, कोण काय सुचवतं, बहिणीचं नाव गाळायला कोण सांगतं आणि तेव्हा तलाठी काय करतो, हे चार पर्यायांत कसं विचारणार?

मग मुलाखत घ्या, असं कुणी म्हणेल. इथे थांबून इतिहास आठवावा लागतो. हा जिल्हा सहकाराचा. १९५० मध्ये प्रवरेचा कारखाना उभा राहिला आणि मागोमाग कारखाने, बँका, शिक्षणसंस्था, दूध संघ. नोकऱ्या त्यांनी दिल्या हे खरं, आणि त्या पुष्कळदा कशा मिळत हेही सगळ्यांना ठाऊक आहे. गावात आजही विचारतात, ‘वशिला कुणाचा?’ साहेबांची चिठ्ठी, पाव्हण्यांचा फोन, सभासदाचा मुलगा. मुलाखत ही पुष्कळदा झालेल्या निर्णयावरची सही असे. २०१५ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी खालच्या पदांच्या मुलाखती बंद करण्याचं सुचवलं आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्राने त्या बंद केल्या, तेव्हा गावोगावच्या पोरांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो उगीच नाही. ज्याच्या मागे कुणी नाही त्याच्यासाठी शंभर प्रश्नांचा पेपर हाच वाली. तो पेपर त्याला आडनाव विचारत नाही.

आणि तो पेपरही विकला जातो, हे आपण पाहिलं. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली, आणि २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत हजारो नापासांना पैसे घेऊन पात्र केल्याचं पुणे पोलिसांच्या तपासात निघालं. साडेसात हजारांहून अधिक जणांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. त्यानंतर परीक्षा ठरावीक कंपन्यांकडे गेल्या, संगणकावर गेल्या, २०२४ मध्ये गैरप्रकारांविरुद्ध कायदा आला. प्रत्येक धक्क्यासरशी परीक्षा अधिकाधिक यंत्राच्या हाती गेली, माणसाच्या नजरेपासून दूर. हे बरोबरच झालं. त्याची किंमत एवढीच की गुण मोजणारी यंत्रणा आपण पक्की केली आणि गुण वाचणारा माणूस काढून टाकला.

पोलीस भरतीत हे जास्त उघडं दिसतं, कारण तिथे परीक्षेचा एक भाग डोळ्यांसमोर होतो. पहाटे पाचला नगरच्या वाडिया पार्कवर, किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर गेलं की छातीवर स्टॉपवॉच लटकवलेली पोरं-पोरी पळताना दिसतात. ‘ग्राउंड’ ५० गुणांचं, लेखी १००. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८००. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा चार किलोचा. ग्राउंडला निम्मे गुण हवेत. त्यातून एका जागेमागे दहा जण लेखीला. लेखीत ४० टक्के हवेत. १७ हजार ४७१ जागांच्या भरतीला १७ लाखांवर अर्ज आले होते आणि जून २०२४ मध्ये, पावसाच्या तोंडावर, ग्राउंड सुरू झालं.

१६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं तर २० पैकी २०. त्यापुढे ५.३० पर्यंत १८. म्हणजे ५.१० आणि ५.११ मध्ये दोन गुण, आणि ५.११ आणि ५.३० मध्ये शून्य. पायाला बांधलेली चिप सेकंदाचे तुकडे मोजते, आणि तक्ता ते तुकडे मोठ्या पायऱ्यांत ओततो. पायरीच्या काठावरची पोरं आयुष्यभर तो एक सेकंद सांगत राहतात. चौदा सेकंदांनी सुधारणा करूनही ज्याला काही मिळालं नाही, तो काही सांगत नाही.

ह्याहून खोल एक गंमत आहे. कागदावर ग्राउंडचं वजन एक तृतीयांश. पण एका जागेमागे दहा जण निवडले की लेखीला पोहोचतात ते बहुतेक चाळीस गुणांच्या वरचे. पोरांच्या भाषेत सगळेच ‘आउट ऑफ’च्या जवळ. त्यांच्यात ग्राउंडचा फरक उरतो चार-पाच गुणांचा, आणि लेखीचा फरक असतो तीस-चाळीसचा. अंतिम यादी लेखीच लावते. ज्या गोष्टीत सगळे सारखे, ती कितीही गुणांची असो, तिला वजन नसतं. हे ज्याने ओळखलं त्या पोराने ग्राउंड ४५ वर आणून सोडलं आणि उरलेलं वर्ष गणिताला दिलं. अकॅडमीवाले हेच सांगतात आणि त्यात ते चुकत नाहीत. प्रश्न खात्याने विचारायचा आहे : आम्हाला शिपाई हवा होता, आणि आमच्या तक्त्याने निवडलं कोणाला? शिर्डीच्या रामनवमीला गर्दीत बारा तास उभं राहणं, नगरच्या मोहरमला दोन गटांच्या मधोमध आवाज न चढवता बोलणं, रात्री अडीचला ठाण्यात आलेल्या बाईची फिर्याद नीट लिहून घेणं, ह्यातलं काय ५.१० मध्ये होतं?

असं म्हणताना एक भान ठेवायला हवं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे जीव गेले. अंतर कमी झालं ते त्यानंतर. चाचणी कामाच्या जवळ नेण्याच्या उत्साहात ती माणूस मारू नये, एवढं तरी त्या घटनेने शिकवलं.

शिक्षक भरतीत शासनाने मधली वाट काढली. २०१७ पासून अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली. २०० गुणांपैकी १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. त्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून शाळा मिळते. खासगी संस्थांना मुलाखतीसह भरतीचा पर्याय आहे : पोर्टल मोजके उमेदवार पाठवतं, संस्था त्यांची मुलाखत आणि प्रत्यक्ष पाठ घेते. कल्पना चांगली आहे. वर्गात उभं करून पंधरा मिनिटं अपूर्णांक शिकवायला सांगितलं की माणूस कळतो, कुठल्याही पेपरपेक्षा जास्त कळतो. पण त्या पंधरा मिनिटांकडे बघायचं कसं, फळ्यावरचं लेखन बघायचं की मागच्या बाकावरच्या मुलीला प्रश्न विचारला का ते, हे आधी लिहून ठेवलं नसेल तर परीक्षक ‘छाप’ बघतो. एडवर्ड थॉर्नडाइक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले तेव्हा दिसलं, की ज्याची अंगकाठी चांगली त्याला बुद्धीचे आणि चारित्र्याचेही गुण चांगलेच मिळत होते. एका गुणाचा उजेड सगळ्यांवर पडतो. आपल्या मुलाखतींत हा उजेड इंग्रजी बोलण्याचा असतो, कधी गावाच्या नावाचा असतो.

नगरला लष्कराचं मोठं ठाणं आहे, रणगाडा दलाचं प्रशिक्षण इथेच होतं. लष्कर अधिकारी कसे निवडतं ते ह्या बाबतीत पाहण्यासारखं आहे. सेवा निवड मंडळाची पद्धत दुसऱ्या महायुद्धातली, पाच दिवसांची. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराच्या लिहिलेल्या गोष्टी वाचतो, मुलाखतकार बोलतो, तिसरा अधिकारी मैदानावर दोर-फळ्या देऊन गटाचं काम बघतो. मनसा, वाचा, कर्मणा, असं ते लोक स्वतःच म्हणतात. तिघे एकमेकांना शेवटच्या दिवसापर्यंत आपलं मत सांगत नाहीत. पंधरा स्वभावगुण ठरलेले, त्यांवरच बोलायचं. तिघांचं पटलं नाही की तिथे खरं वाचन सुरू होतं : लिहिताना धीट असलेला मुलगा मैदानात मागे का राहिला? ही चैन पंधरा हजारांच्या सत्राला परवडणारी नाही, हे मान्य. पण अडीचशे जागांसाठी शेवटच्या पाचशेंना?

एमआयडीसीत गोष्ट सोपी असते आणि म्हणून बरी असते. १९७२ मध्ये नगरमध्ये लुना तयार होऊ लागली तेव्हापासून इथल्या कारखान्यांना फिटर-टर्नर-वेल्डरची गरज आहे. आज नागापूरसोबत सुप्यालाही शेड उभ्या आहेत. आयटीआयची गुणपत्रिका घेऊन पोरगा येतो. फोरमन ती बघून बाजूला ठेवतो आणि हातात व्हर्नियर देतो. ह्या तुकड्याचं माप सांग. ड्रॉइंग दाखवतो, हे भोक कुठल्या बाजूला येईल? कानसीने एक कड सपाट करायला लावतो आणि गुण्या लावून फट बघतो. ट्रेड टेस्ट म्हणतात ती हीच. पोरगा कानस धरतो कशी, माप दोनदा घेतो की एकदा, चुकल्यावर लपवतो की सांगतो, हे तो फोरमन बघत असतो आणि त्यातल्या शेवटच्या गोष्टीला त्याच्या लेखी सर्वांत जास्त गुण असतात. त्याच गेटवर पदवीधरांसाठी कधी कधी इंग्रजीतली व्यक्तिमत्त्व चाचणी असते. ‘तुम्हाला पार्टीत नवीन लोकांशी बोलायला आवडतं का?’ शेवगावच्या पोराने पार्टी म्हटली की काय समजायचं, राजकीय पक्ष?

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. चाचणीचा गुण म्हणजे कुणाशी तरी केलेली तुलना, आणि ती कुणाशी केली हे विचारल्याशिवाय गुण वाचता येत नाही. हे आपल्याकडे फार पूर्वी कळलं होतं. वि. वि. कामत ह्यांनी १९३४ च्या सुमारास बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बेतली. नुसते शब्द न बदलता इथल्या हजारभर मुलांवर ती वापरून इथले मानदंड बसवले आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. बिने-कामत चाचणी आजही दवाखान्यांत वापरतात. नव्वद वर्षांनंतर अकोल्यातल्या ठाकर मुलाची तुलना कुठल्या गटाशी होते आहे, असं चाचणी विकायला आलेल्याला विचारणारा व्यवस्थापक विरळाच.

फोरमनचं म्हणणं संशोधकांनीही मोजलं आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर ह्यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र केलं आणि निवडीची कुठली पद्धत पुढच्या कामाशी किती जुळते ते मांडलं. सामान्य बुद्धिमत्ता चाचणी ०.५१, कामाचा नमुना ०.५४, हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखणं ०.०२. आपल्याकडे अर्ज ‘स्वहस्ताक्षरात’ मागवत त्याचं एवढंच मोल! २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तोच हिशेब पुन्हा तपासला आणि बहुतेक आकडे खाली आणले : ठरलेल्या प्रश्नांची, ठरलेल्या मोजपट्टीची मुलाखत ०.४२, कामाचं ज्ञान ०.४०, कामाचा नमुना ०.३३, बुद्धिमत्ता चाचणी ०.३१. ह्या ०.३१ चा वर्ग करा, जेमतेम दहा टक्के. माणसामाणसांच्या कामात जो फरक पडतो त्यातला एवढाच वाटा बुद्धिमत्ता चाचणी आधी सांगू शकते. उरलेलं साहेब, सहकारी, घर, गाव, नशीब आणि माणूस स्वतः. तरीही दहा टक्के हे शून्यापेक्षा जास्त आहेत आणि चिठ्ठीपेक्षा तर कितीतरी.

आकडे खाली का आले, त्याची कहाणी ह्या लेखाच्या मुळाशी जाते. निवडलेल्यांतच गुण आणि काम ह्यांचा संबंध शोधायला गेलं की तो क्षीण दिसतो, कारण निवडलेले सगळे वरच्या गुणांचेच असतात. खालच्या गुणांचा माणूस कामावर आलेलाच नसतो. म्हणून जुने संशोधक आकडा अंदाजाने वर नेत. सॅकेट म्हणाले, हा अंदाज सढळ हाताने लावला गेला. वाद तांत्रिक आहे, पण निदान त्यांच्याकडे वाद घालायला आकडे होते. निवडलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

आपल्याकडेही लिहिलेलं असतं, फक्त वेगवेगळ्या कपाटांत. भरतीची यादी आस्थापना शाखेत. ती लागली, कागदपत्रं तपासली, जात वैधता, चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय झाली, नेमणूक पत्र गेलं की गुणांचं आयुष्य संपतं. तहसीलदाराच्या हाती नवा ग्राम महसूल अधिकारी येतो तो कोरा. त्याला मराठीत ४६ आणि अंकगणितात २८ होते की उलट, हे त्याला सजा देताना कुणी बघत नाही. मग पुढची नोंद वेगळीकडे सुरू होते : विभागीय परीक्षा कितव्या प्रयत्नात सुटली, ई-फेरफारात नोंदी किती दिवस पडून राहिल्या, हरकतीच्या नोंदी किती, लोकसेवा हक्क कायद्याखाली २०१५ पासून ज्या मुदती ठरल्या आहेत त्या किती वेळा चुकल्या, मंडळ अधिकाऱ्याने किती नोंदी नामंजूर केल्या. हे सगळं संगणकात आहे.

नगर जिल्ह्यातल्या २०२३ च्या तुकडीचे अडीचशे जण घ्यावेत आणि ह्या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. अकोल्याची सजा आणि राहात्याची सजा एका मापाने मोजू नये. तालुक्यातल्या तालुक्यात तुलना करावी. एकूण गुण बाजूला ठेवून चार विषय सुटे करावेत : मराठीचे गुण फेरफाराच्या चुकांशी जुळतात का, अंकगणिताचे क्षेत्राच्या मेळाशी, सामान्य ज्ञानाचे कशाशी तरी? मराठीच्या गुणांचा कामाशी संबंध निघाला आणि सामान्य ज्ञानाचा निघाला नाही, तर चारही विषयांना सारखे पन्नास का, हा प्रश्न मॅटपुढेही मांडता येईल, कारण तेव्हा हातात पुरावा असेल. आणि यादीतल्या पहिल्या पन्नासांत आणि शेवटच्या पन्नासांत कामाचा काहीच फरक निघाला नाही, तर कटऑफच्या खाली दोन गुणांनी राहिलेल्यांना आपण नेमकं कशावरून परत पाठवलं, ते जिल्हाधिकारी कार्यालयाला सांगावं लागेल. पुढची जाहिरात निघायच्या आधी.